लग्नाची भिंत

एकदा एका वृद्ध स्थपतींनी आपल्या शिष्यांना भोवती बसवून विचारले, "डोंगरातल्या वारली पाड्यावर एक घर बांधायचं आहे. कोण जाईल?"

या स्थपतींना सगळे आचार्य म्हणत. माती, चुना, बांबू आणि कारवी यांतच त्यांनी आयुष्यभर घरे बांधली होती. सिमेंटच्या पोत्याकडे ते भांडखोर नातेवाइकाकडे बघावे तसे बघत, म्हणजे दुरून नमस्कार करून. त्यांचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता, तोच निनादचा हात वर गेला.

निनाद हा त्यांचा सर्वांत हुशार शिष्य. हुशारीबरोबर येणारे एक दुखणेही त्याला जडले होते. एखादी गोष्ट उत्तम झाली की तिथे हात आवरणे त्याला जमत नसे. आमटी छान जमली तरी हा त्यात चिमूटभर काहीतरी आणखी टाकणार, आणि मग सगळ्यांनी ती मुकाट्याने भुरकायची. आचार्यांना हे पक्के ठाऊक होते. तरीही त्यांनी त्यालाच निवडले. निघताना एवढेच सांगितले, "हे घर तिथल्या लोकांना मानवलं, तर पाड्यावरची बाकीची घरंही आपणच बांधायची आहेत. नाही मानवलं, तर हात जोडून परत यायचं."

घर होते शिडवाचे. त्याच्या जुन्या घराखालचा काठ ओढ्याने वर्षानुवर्षे कुरतडला होता, आणि गेल्या पावसाळ्यात मागची भिंत ओढ्यात बसली. पहिल्याच दिवशी शिडवाने निनादला नवी जागा दाखवली आणि म्हणाला, "घर कसं बी बांध, दादा. तू शिकलेला. मना येकच सांगायचं हाये. चैतात रमिलाचं लगीन हाये. पोर आपल्या घरातून गेली पायजे. लोकाच्या उंबऱ्यावरून पोर पाठवायची म्हंजे जिवाला लागतं."

रमिला ही त्याची थोरली मुलगी. ती तिथेच उभी राहून, आपला काही संबंधच नाही अशा चेहऱ्याने कोंबड्यांना दाणे टाकत होती. निनादने शिडवाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "लग्न याच घरातून होईल. माझा शब्द."

शब्द देणे सोपे असते हे आपण सगळे जाणतो. पण निनादने मान मोडून काम केले, हे सांगितलेच पाहिजे. सुरुवातीचे कितीतरी दिवस त्याने एक कुदळही मारू दिली नाही. पावसाने जुन्या भिंती कुठल्या बाजूने झोडपल्या आहेत, वारा कुठून येतो, म्हाताऱ्या माणसांना बसायला कुठली जागा आवडते, भात कुठे कांडतात, बकऱ्या कुठे घुसतात, हे सगळे तो नुसता पाहत राहिला. मग काळ्या दगडाचे जोते घातले. ऐनाचे खांब उभे केले. कारवीच्या काठ्यांच्या भिंती विणल्या आणि त्यांवर माती लिंपली. कौलांची वळचण इतकी खाली आणली की कितीही पाऊस आला तरी भिंतीला ओल लागू नये. चुलीचा धूर जायला भिंत आणि छप्पर यांच्यात फट ठेवली. सगळा पाडा हाताखाली आला, कारण इथे कुणाचेही घर उभे राहायचे तर बाकीच्यांनी यायचेच असते. शिडवाने सगळ्यांना भात आणि सुक्या मासळीचे कालवण वाढले. खांब उभा करताना कुणी पाय घसरून चिखलात बसला की हसण्याचा एवढा गलका होई की काम थांबे.

घर उभे राहिले तेव्हा शिडवाची बायको लाडकी आत आली, सगळीकडे फिरली आणि दाराजवळ पाय पसरून बसली. "हितं वारा लागतो," ती म्हणाली. निनादला कुठल्या परीक्षकाने याहून मोठे प्रमाणपत्र दिले नसते. तो मनातून अगदी सुखावला.

इथे खरे म्हणजे घर संपले होते. शहाण्या माणसाने हात धुऊन घरी जायचे. पण आमटीत चिमूटभर आणखी टाकणारा माणूस असा जाईल कसा?

वारली लग्नात घरातल्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने एक मोठी चौकट काढतात. तिला चौक म्हणतात. मधोमध देवी असते आणि भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे, घोड्यावर बसलेले नवरा-नवरी. लग्न लागते ते या चौकासमोर. तो नसेल तर लग्नच नाही. निनादने हे सगळे वाचले होते आणि त्याला ते फार हृद्य वाटले होते. दारातून आत शिरताच समोर दिसणारी मोठी भिंत त्याने मुद्दाम चौकासाठी म्हणून मोकळी ठेवली होती, आणि इथवर त्याचे अगदी बरोबर होते. पण मग त्याच्या मनात आले की या भल्या माणसांना आपण काहीतरी द्यावे. असे काहीतरी, जे कधी पुसले जाणार नाही.

त्याच डोंगरपट्टीतल्या कुठल्याशा लग्नातल्या चौकाचे एक जुने छायाचित्र त्याच्याकडे होते. त्याने भिंतीच्या मातीत चुना मिसळून ती दगडासारखी घट्ट केली, घोटून घोटून आरशासारखी गुळगुळीत केली, तिला गेरूचा रंग दिला आणि बांबूच्या बारीक काडीने तो चौक जसाच्या तसा उतरवू लागला. रेघ हलली की पुसून पुन्हा काढायची. बाहेर पोरे खेळत असत, बायका पाणी भरून जात, आणि हा आत चष्मा सावरत, मान वाकडी करून देवीची बोटे रेखत बसलेला असे. चित्र पूर्ण झाल्यावर त्याने त्यावर एक पारदर्शक लेप चढवला. पाणी लागो, धूर लागो, पोराने नख मारो, काही होणार नाही असा तो लेप होता.

"पिढ्यानपिढ्या राहील हे," त्याने शिडवाला अभिमानाने सांगितले.

शिडवाने भिंतीकडे बघितले, निनादकडे बघितले आणि म्हणाला, "लई मेहनत घेतलीस, दादा." एवढे बोलून तो बैलाला पाणी दाखवायला निघून गेला. त्याला बैल नव्हता, हे निनादच्या लक्षात आले नाही.

मग पाड्यावरच्या बायका बघायला आल्या. त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. त्यांत रखमी होती. ती धवलेरी, म्हणजे लग्नात गाणी गाऊन देवीला बोलावणारी आणि लग्न लावणारी म्हातारी. ती चित्राच्या डाव्या कोपऱ्याकडे बराच वेळ टक लावून पाहत राहिली. मग तिने तोंडाला पदर लावला, तिचे खांदे हलू लागले आणि ती घाईघाईने बाहेर निघून गेली. म्हातारीला गहिवरून आले, असे निनादला वाटले. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

लग्न जवळ आले तशी एक गोष्ट मात्र त्याला कळेनाशी झाली. मांडवाचे बांबू आले, ते पाड्याच्या टोकाला असलेल्या शिडवाच्या भावाच्या घरी जाऊन पडले. गेरूची ढेकळे तिकडेच गेली. नव्या तांदळाची टोपली डोक्यावर घेऊन लाडकी त्याच्या समोरून तिकडेच गेली. त्याने विचारले तर म्हणाली, "तिकडं सावली हाये." दुसऱ्या कुणाला विचारले तर उत्तर आले की तिकडे पाणी जवळ आहे. शेवटी त्याने शिडवालाच गाठले.

शिडवा जमिनीकडे बघत म्हणाला, "लगीन भावाच्या घरात करतो, दादा. तिकडं जागा हाये."

भावाचे घर या घराच्या निम्मेही नव्हते. निनादला एकदम रडूच आले. घरात काहीतरी अशुभ झाले का? की घर त्यांना आवडलेच नव्हते आणि इतके दिवस ते नुसते गोड बोलत होते? आपण दिलेला शब्द असा पाण्यात जाताना त्याला दिसत होता, आणि का जातो आहे हे कुणी सांगत नव्हते. सगळे त्याच्याशी पूर्वीपेक्षाही प्रेमाने वागत होते, त्यामुळे तर ते अधिकच झोंबत होते.

ठरल्याप्रमाणे घर पाहायला आचार्य आले, तेव्हा लग्न परवावर आले होते. फाट्यावर एसटीतून उतरून, खांद्याला पिशवी अडकवून ते चालत आले होते. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितले आणि मग घर पाहू लागले. जोत्यावर बसून पाहिले. खांबांना हात लावला. भिंत आणि छप्पर यांच्यातल्या फटीशी तळहात धरून वाऱ्याचा अंदाज घेतला आणि लहान मुलासारखे हसले. "छान रे," ते म्हणाले. निनादचा जीव थोडा भांड्यात पडला.

मग ते आतल्या भिंतीसमोर येऊन उभे राहिले.

"कुणी काढलं हे?"

"मी, आचार्य."

"हात सुरेख आहे तुझा," ते म्हणाले आणि दारातून बाहेर डोकावून, अंगणात पत्रावळी लावत बसलेल्या बायकांना त्यांनी विचारले, "लग्न कुठं आहे हो?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी रखमीने पाड्याच्या टोकाकडे बोट दाखवले. "शिडवाच्या भावाकडं."

आचार्यांनी "का?" असे विचारले नाही. त्यांनी वळून एकवार भिंतीकडे बघितले, तिच्यावरून तळहात फिरवला आणि लाडकीला म्हणाले, "बाई, मला एक बादली शेणमाती कालवून द्याल का?"

जोत्याला कुठे चीर गेली असावी, असे निनादला वाटले. बादली आली. आचार्यांनी बाह्या सरसावल्या, ओंजळभर शेणमाती उचलली आणि सगळ्यांच्या देखत ती त्या चौकावर फेकली!

शेणमाती थप्पकन सूर्याच्या तोंडावर बसली. क्षणभर तिथे राहिली आणि मग घसरत घसरत, फणीवरून, देवीच्या पायांवरून खाली आली आणि जमिनीवर पडली. भिंतीवर तिचा मागमूसही राहिला नाही. आचार्यांनी दुसरी ओंजळ मारली. तीही घसरली. ते तिसरी उचलणार, तेवढ्यात निनादने त्यांचा हात धरला. गुरूचा हात त्याने आयुष्यात पहिल्यांदाच धरला होता.

"आचार्य, हे काय करताय आपण? देवी आहे तिथं!"

त्यावर दारात गोळा झालेल्या बायकांमधल्या रखमीला हसू आवरेना. "देवी अजून आलीच नाय, दादा! तिला बोलावलं कुनी? आमी गाणार, तवा ती येणार. ह्यो निस्ता तिचा फोटू."

एकदा तिचे तोंड उघडल्यावर मग बाकीच्यांचीही भीड चेपली. रखमी आत आली आणि तिने डाव्या कोपऱ्यातल्या घोड्यामागे बोट ठेवले. तिथे एक माणूस सायकलवर बसलेला होता. "आन् ह्यो कोन, सांग. तू काढलास नव्हं?"

"नवरदेव," निनाद म्हणाला. "छायाचित्रात होता तसाच काढला."

"ह्यो आमचा देवजी!" रखमी म्हणाली. "त्याच्या लग्नात पाड्यात त्याच्याकडंच सायकल व्हती. म्हनून त्याला सायकलवर बसवला. मीच काढला व्हता. चाकं वाकडी आली म्हनून माजी सासू कितीदा तरी बोलली. तवा येक फोटोवाला आला व्हता खरा. तू तर चाकं बी तशीच वाकडी काढलीस रे पोरा!"

अंगणातल्या पिंपळाखाली बसलेला एक म्हातारा उठून आत आला आणि डोळे बारीक करून भिंतीकडे पाहू लागला. हाच देवजी. त्याची नातवंडेही आता लग्नाच्या वयाची झाली होती. "मीच हाये," तो खूश होऊन म्हणाला, आणि मग सगळे घर हसण्याने दणाणून गेले.

"आता सांग," हसू ओसरल्यावर रखमी म्हणाली, "रमिलाचं लगीन देवजीच्या चौकाम्होरं कसं लावायचं? ज्याचं लगीन त्याचा चौक. हितं देवी आली आन् तिनं इचारलं, की नवरी कोन, तर काय देवजीच्या म्हातारीला उभी करायची?"

निनादच्या डोळ्यांसमोर इतक्या दिवसांचे सगळे उलगडत गेले. "मग मला सांगितलं का नाही तुम्ही?"

शिडवा दारातून म्हणाला, "कसं सांगायचं? येवढ्या मायेनं काढत व्हतास. रोज मान वाकडी करून बसायचास, आमी बगत व्हतो. भावाकडं लगीन केलं तर तुला बी वाईट नाय वाटायचं आन् भिंत बी ऱ्हायल."

"मी सारवून बगितलं येकदा," लाडकीने कबुली दिली. "तू खाली पान्यावर गेलावतास तवा. म्हनलं जरा सारवावं, वर रमिलाचा चौक काढावा, खाली दादाचा बी तसाच ऱ्हायल. पन चिकटतच नाय. हात घसरतो निस्ता. मग पुसून ठेवली."

आपले इतके कौतुक कुणी केले नव्हते आणि आपली इतकी फजितीही कधी झाली नव्हती, असे निनादला वाटले. या माणसांनी त्याचे मन राखण्यासाठी मुलीचे लग्न दुसऱ्याच्या घरी न्यायचे ठरवले होते. लोकाच्या उंबऱ्यावरून पोर पाठवण्याचे दुःख शिडवाने त्याच्यासाठी गिळले होते. त्याला शिडवाच्या तोंडाकडे बघवेना.

आचार्यांनी हात धुतले. "निनाद, तुझी छन्नी-हातोडी कुठं आहे?"

"दुसऱ्या एखाद्या भिंतीवर…" निनाद म्हणू लागला आणि स्वतःच थांबला. एका भिंतीला चूल होती, एकीला कणगी, एकीला दार. चौकाची भिंत कुठली हे त्यानेच तर ठरवले होते. त्याने छन्नी-हातोडी आणली.

"हलक्या हातानं," आचार्य म्हणाले. "आतल्या कारवीला धक्का नको. नुसता तो लेप जाऊ दे आणि भिंत खडबडीत होऊ दे. मातीला धरायला काहीतरी लागतं."

पहिला घाव घालणे निनादला जड गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. इतक्या दिवसांची नक्षी त्याच्याच हाताने उडत होती. सूर्य गेला, फणी गेली, शिडीच्या पायऱ्या एकेक करून गेल्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग छन्नी डाव्या कोपऱ्यात आली आणि मागून देवजी ओरडला, "हळू रे! तिकडं माझी बायको हाये!"

निनादला रडता रडता हसू फुटले. घरभर पुन्हा हशा पिकला, आणि त्यानंतर काम भराभर झाले.

दुपार कलताना भिंत सगळी टोचून निघाली होती. पाड्यावरच्या बायका कमरेला पदर खोचून आत आल्या. त्यांनी शेणमातीचे गोळे भिंतीवर मारले आणि ते चिकटले. लाडकीने तळहाताने ते पसरवले, पुन्हा पसरवले, आणि भिंतीवर तिच्या हाताच्या कमानी उमटत गेल्या. चैत्राच्या उष्म्यात सकाळपर्यंत ती खडखडीत वाळणार होती. दोन माणसे जाऊन भावाच्या घरून मांडवाचे बांबू घेऊन आली. शिडवा त्यांच्या पुढे चालत होता आणि एक बांबू त्याने स्वतःच खांद्यावर घेतला होता, जड होता तरी.

आचार्य आणि निनाद झाडाखाली बसले. मग आचार्य म्हणाले:

"तू घर उत्तम बांधलंस. या मातीचं आहे, या पावसाचं आहे, या माणसांचं आहे. आणि मग प्रेमाच्या भरात त्यांचं काम तूच करून टाकलंस. लग्नाच्या आदल्या दिवशी या सगळ्या बायकांनी भिंतीसमोर बसायचं, भांडायचं, चाक वाकडं काढायचं, सासूनं बोलायचं, हे सगळं मिळून चौक होतो. भिंतीवर दिसतं ते त्यातलं थोडंसं. तू तेवढंच उचललंस आणि काचेत घातलंस."

"मला वाटलं, टिकायला हवं," निनाद हळू आवाजात म्हणाला.

"टिकलंच आहे की. देवजीच्या लग्नातली भिंत केव्हाच पडली असेल. पण चौक काढणारी रखमी आहे, तिच्या शेजारी बसून बघणाऱ्या पोरी आहेत. हे टिकलं ते भिंत दर वर्षी सारवावी लागली म्हणून. शेणमाती झिजते, मग कुणीतरी पुन्हा हात लावतं, आणि हात लावणाऱ्याला ते येत राहतं. जिला कुणी हातच लावायला नको अशी भिंत तू उभी केलीस. अशा भिंतीसमोर दोन पिढ्या बसल्या की तिसरीला विचारावं लागतं, हे काय आहे म्हणून. घर बांधणाऱ्यानं भिंत नीट उभी करावी, ती ओली होणार नाही हे पाहावं आणि मग ती त्यांच्या हाती द्यावी."

निनादने मान डोलावली. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आपण मला हे नुसतं सांगू शकला असता, आचार्य. शेण फेकायची काय गरज होती?"

"मी सांगितलं असतं तर तू माझं ऐकलं असतंस," आचार्य म्हणाले. "या लोकांचं ऐकायला हवं होतं. ते तर बोलायलाच तयार नव्हते. कुणीतरी आधी वाईटपणा घ्यायला हवा होता, म्हणून तो मी घेतला."

दुसऱ्या दिवशी घरात पुरुषांना मज्जाव होता. गेरू लागला, तांदूळ वाटले गेले, आणि सवाशिणी काड्या घेऊन भिंतीसमोर बसल्या. बाहेर मांडवाखाली निनादला फक्त आवाज येत होते. कुणी कुणाला ओरडत होते, कुणी खिदळत होते, मध्येच रखमीची एखादी ओळ आणि मागोमाग सगळ्यांची. कारवीच्या भिंतीतून आवाज किती छान बाहेर येतो, हे त्याला त्या दिवशी कळले. उरलेली घरे तूच बांधायचीस, असे आचार्यांनी त्याला सांगितले तेही त्याच मांडवाखाली, आणि निनाद आनंदाने नुसता "हो" म्हणाला.

लग्न लागले. रमिला त्या घराच्या उंबऱ्यावरून बाहेर पडली तेव्हा शिडवा दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने रडला. मुलगी आपल्या घरातून चालली होती, म्हणून त्याला रडायला मोकळीक होती. जाता जाता रमिला थांबली आणि निनादला म्हणाली, "दादा, चौक बघितलास का? आत जा. कोपऱ्यात बघ."

निनाद आत गेला. तांदळाच्या पांढऱ्या रेघांत देवी होती, सूर्य-चंद्र होते आणि घोड्याच्या जागी तीन चाकांची टमटम होती, कारण रमिलाचा नवरा फाट्यावर टमटम चालवत असे. खालच्या कोपऱ्यात काडीसारखा एक माणूस होता. त्याच्या एका हातात छन्नी होती, दुसऱ्यात हातोडी. डोळ्यांच्या जागी चष्म्याचे दोन गोल काढलेले, आणि त्यांतून खाली ठिपके ठिपके गेलेले. ते अश्रू होते.

"रमिलानं काढायला लावला," मागून लाडकी म्हणाली. "म्हनली, माज्या लग्नात दादा पायजे."

निनाद कितीतरी वेळ त्या माणसाकडे बघत राहिला. त्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आला होता. आयुष्यात त्याची इतकी चांगली तसबीर कुणी काढली नव्हती.

"किती दिवस राहील हा?" त्याने विचारले.

"पावसात जरा फुगंल," लाडकी म्हणाली. "दिवाळीला सारवून टाकू."

"बरं," निनाद म्हणाला, आणि त्याला खरोखरच बरे वाटले.